नायसियात वोटिंग करून येशूला देव केलं? नाही हो

"३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियात बिशप जमवले आणि वोटिंग करून येशूला देव ठरवलं" हा फॉरवर्ड परत फिरतोय (नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं एक शहर), पण तसं काही झालेलं नाही. त्याच्या दोनशे वर्षं आधी, साधारण ११२ साली, प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर सम्राट ट्राजनला कळवतो की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि हा काही त्यांचा फॅन नव्हता, देहदंड देत होता त्यांना! ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याची पत्रं तर त्याहून जुनी. नायसियातलं भांडण वेगळंच, एरियस नावाचा पाद्री म्हणायचा पुत्र (येशू) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला, म्हणजे कधीतरी तो नव्हताच, आणि बहुतेक बिशप म्हणाले छे, तो पित्याच्याच तत्त्वाचा. शेवटी एरियसच्या बाजूने ठाम राहिले फक्त दोन बिशप.