आडवी गाडी आणि उभे गृहस्थ

परवा यू-टर्न घेताना माझी ३६० किलोची टूरिंग बाइक भर रस्त्यात आडवी झाली. ती पडली असे मी म्हणणार नाही; पडायला वेग लागतो, आणि त्या क्षणी माझा वेग कडेने चालणाऱ्या एका छत्रीधारी गृहस्थांपेक्षाही कमी होता. हँडल पूर्ण वळलेले असताना पुढच्या ब्रेकला हात लावू नये, मागचा ब्रेक हलकेच दाबून क्लच अर्धवट सोडलेला ठेवावा आणि नजर जायचे आहे तिकडे ठेवावी, हे मी आजवर अनेकांना ऐकवले आहे. तरीही समोर कुत्रे आले आणि माझ्या बोटांनी मला न विचारता पुढचा ब्रेक दाबला.

गृहस्थ थांबले. “मुद्दाम आडवी केलीत का?”

“नाही.”

“मग स्टँड लावायचा राहिला असेल.” चालत्या गाडीला स्टँड कसा लावतात, हे विचारण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. त्यांनी छत्रीच्या टोकाने मागच्या पेटीवर टकटक केले. “यातले सामान काढलेत तर हलकी होईल.”

“आत फक्त रेनकोट आहे.”

“थेंबे थेंबे तळे साचे,” ते गंभीरपणे म्हणाले.

अशी गाडी उचलण्याची रीत अशी, की सीटला पाठ टेकवायची, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची, गुडघ्यांत वाकायचे आणि पायांच्या बळावर मागे सरकत तिला उभी करायची. मी नेमका त्या अवस्थेत असताना त्यांनी विचारले, “दमलात का? बसा, बसा.”

एवढ्यात एक तरुण स्पोर्ट्स बाइकवरून आला आणि त्याला तिथेच वळायचे होते. तो पुढे गेला, पायांनी रेटत मागे आला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि तिसऱ्या खेपेस एकदाचा वळला.

“बघा, कशी वळली!” गृहस्थ म्हणाले.

आता मात्र मला राहवले नाही. घामाघूम होऊन मी त्यांना सांगितले, की त्या गाडीची आखूड हँडले टाकीला आणि फेअरिंगला, म्हणजे पुढच्या आवरणाला, अडतात, त्यामुळे पुढचे चाक फारसे वळतच नाही. उलट माझ्या गाडीचे हँडल भरपूर वळते, आणि माझा यू-टर्न पूर्ण झाला असता तर तो एका दमात झाला असता.

“पण झाला नाही ना?” ते म्हणाले.

यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही. यामाहा आर१ या स्पोर्ट्स बाइकचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या आसांमधले अंतर, १४०५ मिलिमीटर आणि रेक, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा उभ्या रेषेपासूनचा कल, २४ अंश, तर होंडा गोल्ड विंग या टूरिंग बाइकचा व्हीलबेस १६९५ मिलिमीटर आणि रेक ३०.५ अंश, म्हणून पहिली इशाऱ्यासरशी वाकते आणि दुसरी महामार्गावर तासन्‌तास रेघ मारल्यासारखी चालते. वळणाआधी डावीकडे जायला डावे हँडल पुढे दाबायचे हा काउंटरस्टिअरिंगचा नियम दोघींना सारखाच, आणि रुंद हँडलामुळे अवजड गाडीही अनपेक्षित चपळाईने झुकते. मात्र तिचे फुटरेस्ट लवकर रस्त्याला घासू लागतात, एवढे मी प्रांजळपणे कबूल करतो. पण हे सारे गाडी धावत असताना. या गाडीची परीक्षा मात्र ती सर्वांत दुबळी असते तिथेच, म्हणजे पायी चालण्याच्या वेगात, आणि तीही पायी चालणारेच घेतात, हा अन्याय आहे. ताशी शंभरच्या वेगाने मी सुरेख वळण घेतो तेव्हा छत्रीवाला एकही गृहस्थ तिथे उभा नसतो.

“हिला रिव्हर्स नाही का?” त्यांनी शेवटी विचारले, आणि नेमके वर्मावर बोट ठेवले. गोल्ड विंगला १९८८ च्या जीएल१५०० मॉडेलपासून स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स आहे. माझ्या गाडीला नाही.

गाडी जवळजवळ उभी झाली होती. शेवटच्या वीतभर अंतरात त्यांनी छत्री काखेत मारली आणि दोन बोटे काचेला टेकवली. ती उभी राहिली. तो तरुण अजून हेल्मेटचा पट्टा आवळत थांबला होता, त्याच्याकडे वळून गृहस्थ म्हणाले, “चला, उचलून दिली यांना.”