राउटर बंद-चालू करायच्या आधी एकदा त्याचे लाइट बघा

नेट गेलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला, राउटर बंद करून चालू कर. कस्टमर केअर हेच सांगतं, शेजारचे काका हेच सांगतात, ऑफिसमधला आयटीवाला पण हेच सांगतो. माझं आता ठाम मत झालंय की हे दुसरं काम आहे, पहिलं नाही. पहिलं काम म्हणजे राउटरचे लाइट बघायचे आणि मोबाइलवर त्यांचा एक फोटो काढायचा. कारण बंद-चालू केलं की नेमकं काय बिघडलं होतं त्याचा पुरावाच जातो, राउटरच्या आतली नोंद पण बऱ्याचदा पुसली जाते, मग कंपनीचा मुलगा येतो तेव्हा सगळं हिरवं असतं, तो म्हणतो ताई चालू आहे की, आणि जातो निघून. संध्याकाळी परत ये रे माझ्या मागल्या.

बाबा चिपळूणला एकटेच असतात, मी पुण्यात. घरात मोबाइलची रेंज धड नाही, वायफायवरून कॉल लागतो म्हणून फोन चालतो, म्हणजे नेट गेलं की नुसती टीव्हीवरची मालिका जात नाही, बाबांचा फोनच बंद पडतो आणि मला कळवायचं तर त्यांना छत्री घेऊन अंगणाच्या कडेला, जिथे दोन काड्या रेंज येते तिथे यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात असं झालं की जोराचा पाऊस आला की नेट जायचं आणि उघडीप मिळाली की आपोआप यायचं. दर वेळी तक्रार, दर वेळी फोनवर तेच उत्तर की राउटर बंद करून चालू करा, आणि थोड्या वेळाने मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. ती सोडवली पावसाने थांबून!

शेवटी मी बाबांना म्हटलं, बाबा, आता बटणाला हात लावू नका, आत जाऊन फक्त एवढंच बघून या की कुठला लाइट लाल आहे. बाबा आत गेले, बाहेर आले, म्हणाले, "अगं, एलओएस असं लिहिलंय त्याच्यावरचा."

झालं, अर्धं निदान तिथेच झालं. एलओएस लाल म्हणजे फायबरमधून (घरात नेट आणणाऱ्या काचेच्या बारीक वायरीतून) येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोचत नाहीये किंवा अगदीच कमी पोचतोय. वायर कुठे तुटली असेल, दाराच्या फटीत चेपली असेल, उंदराने कुरतडली असेल, नाहीतर मागची हिरवी पिन सैल झाली असेल, पण दुखणं वायरीत आहे आणि आपण राउटर बंद-चालू करतोय, म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. (पिन काढून तिच्या टोकात डोळा लावून बघू नका कृपया, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण असतो.)

आणि ही गोष्ट आकड्यात पण बघता येते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. नेट बंद असलं तरी वायफाय चालू असतं, त्यामुळे मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं (काही राउटरला पत्ता वेगळा असतो, मागच्या स्टिकरवर असतो) आणि स्टिकरवरचा पासवर्ड देऊन आत गेलं की बऱ्याच राउटरमध्ये ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा एक आकडा दिसतो, उणे १८, उणे २२ असा, डीबीएम या मापात. साधारण उणे २५ पर्यंत काळजी नाही, उणे २७ च्या पलीकडे गेला की कनेक्शन डळमळायला लागतं. यात दर ३ ला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे २४ वरून २७ ला गेलं तर वाटतं तीनचाच फरक, पण प्रकाश अर्धा झालेला असतो. बाबांकडे कोरड्या दिवशी उणे २३ आणि पावसात उणे २८. आता हे सांगितल्यावर कंपनीचा माणूस काय बोलणार? या वेळी जो मुलगा आला तो प्रकाश मोजायचा पॉवर मीटर घेऊनच आला, घरात न येता आधी खांबावर चढला, आणि तिथल्या जॉइंटच्या डब्याचं झाकण नीट बसलेलंच नव्हतं, आत पाणी, आणि मुंग्यांनी अंडी घातलेली. जॉइंट पण नुसता कनेक्टर लावून भागवलेला होता. त्याने मशीनने फायबर वितळवून नीट जोडली, नवीन डबा लावला, आणि कोरड्या हवेतला आकडासुद्धा उणे २० वर आला. भर पावसात खांबावर चढणाऱ्या त्या मुलाला कुठे बघायचं हे आधी माहीत असणं हा त्याच्या पण भल्याचा भाग आहे, नाहीतर त्याला सांगितलेलं असतं फक्त 'नेट चालत नाही' आणि तो बिचारा घरातच खाटखूट करत बसतो.

बाकीचे लाइट पण असेच बोलतात. पॉन नावाचा लाइट लुकलुकत असेल आणि एलओएस बंद असेल तर प्रकाश येतोय पण कंपनीच्या मशीनशी जोडणी होत नाहीये. पॉन स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा लाइट लाल किंवा बंद, तर बहुतेक वेळा लॉगिन अडकलंय, बिल थकलंय किंवा कंपनीकडेच काहीतरी पडलंय, अशा वेळी एकदा बंद-चालू करा, तिथे त्याचा खरंच उपयोग होतो. आणि सगळे लाइट नीट आहेत पण एकाच मोबाइलवर नेट नाही, तर तुमची फायबर, राउटर दोघंही निर्दोष आहेत, तो मोबाइल बघा.

सगळे लाइट एकदम जाऊन परत येत असतील तर अडॅप्टर बघा. याकडे कुणी म्हणजे कुणी लक्ष देत नाही. माझ्या नणंदेकडे रात्री सगळे घरी आले की राउटर आपला आपण रीस्टार्ट व्हायचा, तिने नवीन राउटर घ्यायचं ठरवलं होतं. राउटरवर लिहिलेलं १२ व्होल्ट दीड अँपिअर, आणि मध्ये कधीतरी बदलून दिलेल्या अडॅप्टरवर होतं १२ व्होल्ट अर्धा अँपिअर. लाइट लागायचे त्यामुळे संशय येत नव्हता, पण लोड वाढला की पुरायचं नाही. योग्य अडॅप्टर लावला, विषय संपला.

स्पीडच्या तक्रारी तर निम्म्या वायफायच्या असतात. राउटर चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला आणि अपेक्षा अशी की मागच्या बेडरूममध्ये पण सगळं पळावं. तो उंचावर, मोकळा, घराच्या मध्याजवळ ठेवा. ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क वेगवान पण भिंतींपुढे लवकर थकतं, २.४ लांब जातं पण बिल्डिंगमध्ये त्यावर सगळ्यांचीच गर्दी असते. कंपनीशी भांडायच्या आधी लॅपटॉप वायरने राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा, वायरवर पूर्ण स्पीड येत असेल तर त्यांचा दोष नाही. आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला साधारण १२ एमबीच होतं, ८ बिटचा एक बाइट होतो म्हणून, त्यात फसवणूक नाही.

पण जिथे दोष त्यांचा आहे तिथे मात्र सोडू नका. ट्राय म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, द्यावाच लागतो, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसात निकाल द्यावा लागतो. थेट ट्रायकडे वैयक्तिक तक्रार चालत नाही, त्यामुळे तो डॉकेट नंबर, लाइटचा फोटो आणि जमलं तर तो डीबीएमचा आकडा, वेळेसकट, जपून ठेवा. "नेट सारखं जातं" याला ते काहीही उत्तर देऊ शकतात, "संध्याकाळी साडेसातला एलओएस लाल, उणे २८" याला देऊ शकत नाहीत.

मला खरा राग याचा येतो की हे सगळं कंपनीला माहीत असतं, त्यांच्या स्क्रीनवर आपल्या राउटरचा आकडा बसल्या जागी दिसू शकतो, तरी ७४ वर्षांच्या माणसाला टेबलाखाली वाकून बटण दाबायला लावतात. बँक, पेन्शनचा हयातीचा दाखला, डॉक्टरची अपॉइंटमेंट सगळं नेटवर नेलंत ना, मग राउटरवर चार ओळींचा मराठी स्टिकर लावायला काय जातं? कुठला लाइट लाल म्हणजे काय, एवढंच. कनेक्शन देताना तो मुलगा दहा मिनिटं थांबून घरातल्या वयस्कर माणसाला समजावून देईल इतका वेळ त्याला द्या, एका दिवसात त्याच्याकडून ढीगभर घरं उरकून घेऊ नका.

तोपर्यंत मी बाबांसाठी मोठ्या अक्षरात लिहून राउटरशेजारी चिकटवलेला कागद खाली कमेंटमध्ये टाकतेय. तुमच्या राउटरवर लाइटांची नावं वेगळी असतील तर तेवढी बदलून घ्या, आणि गावी आईबाबा असतील तर प्रिंट काढून पुढच्या खेपेला घेऊन जा.