कापलेल्या गवताचा वाली

हिरवळ राखणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, मी गवत कापतो. गवत मशिन कापतं, मी नुसता त्याच्यामागे चालतो. माझं खरं काम मशिन बंद झाल्यावर सुरू होतं. तोवर ज्या गवताला मालकाने पाणी पाजलं, खत घातलं, ज्याच्यावर पाय ठेवला म्हणून पाहुण्यांच्या पोरांना दटावलं, तेच गवत पात्याखाली येताच कचरा होतं. आणि कचरा म्हटलं की तो माझा. ‘घेऊन जा’ एवढंच सगळे सांगतात. कुठे, ते कुणी सांगत नाही.

एडविन बडिंग नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८३० साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गिरणीत कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. कापलेलं गवत झेलायला त्याच्या यंत्राला पुढे तबकही होतं. तबक भरल्यावर काय, हा प्रश्न मात्र बडिंगसाहेबांनी पुढच्या पिढ्यांवर सोडला. ती पुढची पिढी म्हणजे सध्या मी.

ताज्या कापलेल्या गवताच्या वासावर ज्यांनी कविता केल्या, त्यांनी तो पहिल्या अर्ध्या तासातच घेतलेला असणार. पोत्यात दाबून, तोंड बांधून, रात्रभर बंद गाडीत ठेवलेलं गवत त्यांनी हुंगलेलं नसतं. गवताच्या वजनात ८० टक्के तर पाणीच असतं आणि उरलेल्यात नत्र भरपूर. हवा मिळाली नाही की ते कुजायला लागतं. सकाळी पोत्याला हात लावावा तर ते तापलेलं, आणि तोंड सोडावं तर अमोनियाने डोळ्यांतून घळाघळा धारा. अशा दिवशी सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाड्यांच्या काचा आपोआप वर जातात. कचरा डेपोत नेऊन टाकावं, तर तिथे ढिगाखाली गाडलं जाऊन त्याचा मिथेन होतो. म्हणजे नाकाची सुटका होते, पण वातावरणाची नाही.

यावर सगळ्यांत सोपा उपाय आहे. गवत उचलायचंच नाही. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, मशिनला बारीक तुकडे करणारं पातं लावायचं, आणि तुकडे जागच्या जागी पडू द्यायचे. ते खाली झिरपतात, कुजतात आणि हिरवळीला वर्षभर लागणाऱ्या नत्रातला साधारण पाव हिस्सा परत देतात. पोतं नको, गाडी नको, वास नको.

फक्त गिऱ्हाईक पाहिजे.

“दादा, हे असंच टाकून चाललात?” एका ताईंनी मला फाटकातच गाठलं. या ताई पोती मोजतात. कापणी कशी झाली हे हिरवळीकडे बघून नाही, तर फाटकातून बाहेर जाणाऱ्या पोत्यांवरून ठरवतात. मी नत्राचा पाव हिस्सा समजावून सांगितला.

“म्हणजे तुम्ही काहीच नेलं नाहीत.”

“नेण्यासारखं नव्हतंच, ताई. सगळं तुमच्याच उपयोगाचं आहे.”

“मग पैसे कशाचे?”

इथे माझं सगळं शास्त्र लटकं पडतं. माणसाला पैसे देताना काहीतरी जाताना दिसावं लागतं. न्हाव्याने कापलेले केस गिऱ्हाइकाच्याच मांडीवर ठेवून ‘असू द्या, मुळांना चांगले’ म्हटलं तर त्याला कोण पैसे देईल? ताईंचा दुसरा आक्षेप जास्त विद्वत्तेचा होता: या तुकड्यांनी हिरवळीत थर साचतो आणि तिचा श्वास कोंडतो. तो थर साचतो मुळं, खोडं आणि आडवे फुटवे लवकर कुजत नाहीत म्हणून. गवताच्या पात्यांचे कोवळे तुकडे बघता बघता विरघळून जातात. पण हा आक्षेप ताईंना त्यांच्या बहिणीने सांगितला होता, त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी मुकाट्याने दाताळं काढलं आणि पोती भरली. ताईंनी ती मोजली. पुढच्या खेपेला गेलो, तर त्याच फाटकातून दुकानातल्या नत्रखताची गोणी आत चालली होती.

काही गवत खरोखरच उचलावं लागतं. खूप वाढलेलं, चिंब भिजलेलं गवत तसंच सोडलं तर त्याची चटई होते आणि खालची हिरवळ पिवळी पडते. असं गवत मी माझ्या ढिगावर आणतो. नुसत्या गवताचा ढीग म्हणजे मघाचंच पोतं, फक्त मोठं. त्यात कोरडा पाचोळा मिसळावा लागतो, कारण कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण तीसास एक पडलं की जिवाणू खूश असतात. यात निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. गवत जोमाने वाढतं तेव्हा झाडावरचं पान हलत नाही, आणि पानगळ लागते तेव्हा गवत झोपलेलं असतं. दोघांची गाठ घालून द्यायची तर पाचोळा महिनोन्‌महिने सांभाळावा लागतो. आमच्या घरी ज्या खोलीत पाहुणे झोपत, तिथे आता पाचोळा झोपतो. पाहुण्यांपेक्षा त्याचा त्रास कमी, असं मी एकदा बोलून गेलो. माहेरची माणसं येऊन गेल्याला फार दिवस झाले नव्हते, हे ध्यानात राहिलं नाही.

ढीग चांगला जमला की आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकला तर तणाचं बी मरतं. म्हणून त्याला रोज थर्मामीटर लावावा लागतो. “पोराला ताप आला तेव्हा घरात थर्मामीटर सापडला नाही,” बायको म्हणाली, “अहो, पण उकिरड्याला मात्र हातभर लांबीचा!” उकिरडा नव्हे, कंपोस्ट, हे सांगायची ती वेळ नव्हती.

तणाचं बी मरतं, पण काही तणनाशकं मरत नाहीत. क्लोपायरॅलिडसारखं औषध हिरवळीवरून ढिगात येतं, ढिगातून खतात जातं आणि शेवटी टोमॅटोच्या रोपाची पानं वेडीवाकडी करून आपली ओळख देतं. तेव्हा गवत उचलण्याआधी मला उलटतपासणी घ्यावी लागते: काय मारलं, कधी मारलं, डबा दाखवा. “छे, काहीच नाही” म्हणणाऱ्यांच्या हिरवळीत एकही तण नसतं, हे मी मनात नोंदवतो आणि ते गवत तिथेच पसरून येतो. मग पुन्हा ‘पैसे कशाचे’.

बाकीचा कचरा त्यामानाने शहाणा आहे. मशिनचं काळं तेल डब्यात साठवून पुनर्शुद्धीकरणाला जातं, शिशाच्या बॅटऱ्या परत घेणारे भेटतात, औषधाचे डबे तीनदा विसळायचे आणि ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचं. अपवाद फक्त कडा छाटायच्या नायलॉन दोरीचा. तिचे तुकडे उडून कुठे पडतात ते देवाला ठाऊक. आणि पोत्यांत गवताखाली काय निघेल, ते देवालाही नाही. फुटक्या कुंड्या, एक चप्पल, एकदा चालू स्थितीतला रिमोट. तो परत न्यायला गेलो तर ‘त्याचा टीव्हीच बिघडलाय, असू द्या तुम्हाला’ म्हणाले.

असो. हंगाम संपला, ढीग बसला, काळंभोर, मातीच्या वासाचं खत झालं. ज्यांच्या अंगणातून गवत आणलं त्यांना थोडं थोडं द्यावं म्हणून पोती मोजणाऱ्या ताईंकडे एक पोतं घेऊन गेलो.

“आमच्याच गवताचं आहे ना?”

“सगळ्यांचं एकत्र असतं, ताई. तुमचंही आहे त्यात.”

“आमचं वेगळं काढता आलं नसतं?” त्यांनी पोतं उचलून पाहिलं. “आणि एवढंच? अख्खा हंगाम पोत्यांवर पोती नेलीत तुम्ही. मी मोजलीत.”

“त्यात सगळं पाणी असतं, ताई. ढीग तापला की वाफ होऊन जातं. उरलेल्यातलंही बरंचसं हवेत जातं.”

ताईंनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

“वाफ,” त्या म्हणाल्या. “शेजाऱ्यांना किती पोती दिलीत, ते सांगा.”