आधी तारखांची वजाबाकी करा, मग फॉरवर्ड करा!

डॉ. आनंदीबाई जोशी म्हणे कोल्हापुरात रुग्णसेवा करत होत्या! दर 31 मार्चला जयंतीच्या पोस्टींचा पूर येतो आणि त्यात हे वाक्य हमखास असतं. अरे, कधी केली सेवा? कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, एवढंच खरं. रुजू व्हायला बाई जगल्या कुठे? नोव्हेंबर 1886 मध्ये अमेरिकेहून परत आल्या त्या क्षयाने खंगलेल्याच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. चीड कशाची येते, तर या दोन्ही तारखा त्याच पोस्टमध्ये वर छापलेल्या असतात. जेमतेम तीन महिने. त्यात आजारपण. मग दवाखाना चालवला कधी, बोटीवर?

एकाने ठोकून दिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने त्यावर व्हिडिओ केला, मागे करुण बासरी लावून. आता तो व्हिडिओच ‘संदर्भ’ म्हणून चौथ्याच्या लेखात. त्यांच्यावरच्या कादंबरीतले संवाद खुद्द आनंदीबाईंच्या तोंडचे म्हणून अवतरणचिन्हांत छापतात. कादंबरी आहे ती, बाबांनो! लेखकाने कल्पनेनेच लिहायची असते, दोष त्याचा नाही. आणि ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर कोण’ यावरची हमरीतुमरी तर विचारूच नका. कादंबिनी गांगुलीही 1886 सालच्याच डॉक्टर, फक्त त्या कलकत्त्यात शिकल्या आणि पुढे कित्येक वर्षं प्रॅक्टिस केली. दोघींना मान द्यायला कुणाचं काय जातं?

बरं, ‘नेटवर काही खरं नसतं, लायब्ररीत जा’ म्हणणाऱ्यांसाठी. गेले. दिवाळी अंकासाठी लेख लिहायचाय, काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र हवं होतं. त्या काळात एका बाईने दुसऱ्या बाईवर लिहिलेलं पुस्तक, सोन्यासारखं. कार्डाच्या खणात कार्ड सापडलं. त्यावरचा जुना नंबर खोडून पेन्सिलीने नवा, तोही खोडलेला. काउंटरवर दाखवलं तर, ‘मॅडम, बाइंडिंगला गेलंय.’ कधी येईल? ‘सांगता येत नाही.’ कधी गेलं? ‘मी यायच्या आधी.’ दुसरं एक जुनं पुस्तक होतं, पण वर कपाटात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. झेरॉक्स नाही, मोबाइलने फोटोही नाही, कारण पुस्तक ‘दुर्मिळ’ आहे. वाळवीला मात्र परवानगी लागत नसावी.

स्कॅन केलेली मराठी पुस्तकं नेटवर फुकट आहेत, कबूल. पण शोधून दाखवा! नावं रोमन अक्षरांत, त्यात मध्येच टिंबं आणि ॲपॉस्ट्रॉफी. ‘चरित्र’ टाइप करून चरित्र सापडेल ही आशाच सोडायची. सापडलंच तर पान वाकडं, कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, आणि नेमकी हवी ती चार पानं गायब. आत शब्द शोधायची सोय केली तर जुन्या छपाईच्या जोडाक्षरांचा असा काही भुगा होतो की वाचवत नाही.

आणि तिकडे फिलाडेल्फिया! ज्या कॉलेजातून बाई मार्च 1886 मध्ये एम.डी. झाल्या, त्याचे कागद आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. 1883 साली प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र मी घरच्या डायनिंग टेबलवर बसून वाचलं. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबतचा 1885 चा तो प्रसिद्ध फोटोही तिथेच. (आपल्याकडे तो कापून, बाकी दोघींना उडवून वापरतात.) एकच खबरदारी घ्यायची, आडनाव शोधताना शेवटी दोन ‘ई’ लावायचे, कारण तेव्हा तसं लिहीत. कॅरोलाइन डॉल यांनी 1888 मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रावर तर नाव ‘आनंदाबाई’ आहे. पण मिळतं ना! कपाटाची किल्ली मागावी लागत नाही. म्हणजे कल्याण-पुण्याच्या मुलीबद्दल अमेरिकेतून दोन मिनिटांत कागद येतो, आणि पाच मैलांवरचं मराठी पुस्तक बाइंडिंगला!

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा ती कोल्हापूरची सेवा आली. मी तारखा टाकल्या, नेमणूक आणि रुजू होणं यातला फरक लिहिला. एका काकांनी हात जोडल्याची इमोजी टाकून उत्तर दिलं, ‘ताई, माहिती नसेल तर आधी गूगल करावं.’ त्याला सतरा लाइक!