पोराच्या हाती तीनशे रुपये

मुलांना सुट्टीत पैशाचे व्यवहार शिकवायला माथेरानसारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. फक्त पहिला धडा माथेरानात होत नाही. तो दादरला नेरळचं तिकीट काढतानाच उरकतो. ५ ते १२ वयाला अर्धं तिकीट लागतं, आणि आठ वर्षांच्या पोराच्या कानात आपण पुटपुटतो, "टीसीनं विचारलं तर पावणेपाच सांग हं."

असो. तीन दिवसांची तीन पाकिटं करावीत, प्रत्येकात १०० रुपये: पन्नासची एक, विसाच्या दोन, दहाची एक. अख्खी पाचशेची नोट देऊ नये. दुकानदाराकडे सुट्टे नसतात आणि उरलेल्या पैशांचं 'आणखी काहीतरी' गळ्यात येतं. यूपीआय तर नकोच. नोट हातातून जाताना दुखतं, स्कॅन करताना दुखत नाही. (आपल्यालाही. पण तो विषय वेगळा.) घोडा मात्र आपल्या खिशातून, दर आणि पॉइंट ठरवायचे ते पोर खोगिरावर चढण्याआधी.

पहिलं पाकीट अकरापर्यंत संपतं. मग उचल. द्यावी, पण वहीत मांडून आणि उद्याच्या पाकिटातून पोरासमोर कापून. बरोबर आजी असेल तर योजना बुडालीच. आजी म्हणजे रिझर्व्ह बँकेला न जुमानणारी पतपेढी: तारण नाही, परतफेड नाही, वर "आईला सांगू नकोस".

चिक्कीच्या दुकानात मात्र रेंगाळावं. समजा, २०० ग्रॅमचा पुडा ९० ला आणि अर्धा किलोचा २०० ला. १०० ग्रॅमचा भाव पोराकडूनच काढून घ्यावा: ४५ आणि ४०. ते विजयी मुद्रेनं मोठा पुडा उचलतं. तेव्हा विचारायचं, संपवणार कधी? गूळ हवेतलं पाणी ओढतो. मुंबईच्या दमट हवेत उघडी चिक्की मऊ पडते, दाताला चिकटते. त्यातली १०० ग्रॅम टाकून दिली की चाळीसचा भाव पन्नासवर गेला.

एमआरपी शिकवताना जपून. दुकानात बाटलीवर छापल्यापेक्षा जास्त घेता येत नाही, 'कूलिंगचे' पाचसुद्धा नाहीत. हॉटेलात टेबलावर मात्र घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलंय. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पोर वेटरशी भांडतं आणि आपल्याला मेन्यूकार्ड फार बारकाईनं वाचावं लागतं.

शेवटच्या रात्री हिशेब. वहीत चिक्की असते, उचल असते, आणि तळाशी तिरक्या अक्षरात: 'बाबांनी वाचवलेलं माझं अर्धं तिकीट. येणे बाकी.'