माइट हॅव आणि माझी फजिती

इंग्रजीत मला शाबासकी देता येते, सॉरी तर झोपेतही म्हणता येतं, पण होऊन गेलेल्या गोष्टीवरून कुणाला चार शब्द सुनवायचे म्हटलं की बोबडी वळते. कारण तिथे मोडल व्हर्ब नावाचं खानदान बसलेलं असतं, शुड, कुड, माइट, मस्ट, नीड, प्रत्येकाच्या मागे हॅवची शेपटी आणि त्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप. एवढं जुळवेपर्यंत राग थंड होतो हो.

परवा एका परदेशी सहकाऱ्याने सोमवारची फाइल बुधवारपर्यंत पाठवली नाही. मी म्हटलं आता कडक मेल. डोकं असं चाललं की शुड म्हणजे 'करावं', मस्ट म्हणजे 'केलंच पाहिजे', मग शुड हॅवपेक्षा मस्ट हॅव जास्त झोंबणार. लिहून टाकलं, यू मस्ट हॅव सेंट द फाइल ऑन मंडे. त्याचं उत्तर आलं, अगदी गोड, की नाही, अजून पाठवलेली नाही, पाठवली असं तुम्हाला का वाटलं? मस्ट हॅव सेंट म्हणजे 'पाठवली असणारच'! झापायला गेलो आणि त्याच्या वतीने सर्टिफिकेट देऊन आलो. मग सुधारायला हॅड टू सेंड लिहिणार होतो, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'पाठवावी लागली' असा निघतो, म्हणजे बिचाऱ्यावर जबरदस्तीच झाली. हवं होतं ते साधं शुड हॅव सेंट. ऑट टू हॅवनेही भागलं असतं, पण ते मला कधी वेळेवर आठवत नाही.

खरी फजिती पुढच्या आठवड्यात झाली. मीटिंगची वेळ बदललेली मी सांगायला विसरलो आणि आमची टीम लीड रिकाम्या कॉलवर अर्धा तास बसून राहिली. नंतर म्हणाली, यू माइट हॅव टोल्ड मी! मला शाळेत माइट म्हणजे 'कदाचित' असं शिकवलेलं, तेव्हा 'तू मला कदाचित सांगितलं असशील' असा हिशोब लावून मी मोठ्या मनाने म्हणालो, येस, मे बी, आय डोन्ट रिमेंबर. समोर शांतता. कॅमेऱ्यात तिची एक भुवई वर गेली ती खाली आलीच नाही. त्या माइटचा अर्थ होता 'सांगितलं असतंस तर काय तोंड दुखलं असतं?' कुड हॅवने हेच म्हणता येतं, पण माइट हॅव चिडक्या आवाजात आलं की जास्त लागतं, हे मला कुणी, बरं जाऊ दे.

नीडन्ट हॅवचं दुःख तर वेगळंच. रात्री दोनपर्यंत जागून रिपोर्ट केला, सकाळी बॉस म्हणाला, यू नीडन्ट हॅव डन इट. डिडन्ट नीड टू म्हणाला असता तर केलं की नाही केलं हा प्रश्न उघडा राहिला असता, पण नीडन्ट हॅव म्हणजे केलंस आणि फुकट गेलं, अख्ख्या रात्रीचा पंचनामा. आणि ज्यांची इंग्रजी मायबोली आहे त्यातलेही कित्येक जण शुड हॅवच्या जागी 'शुड ऑफ' लिहितात, कारण घाईत बोललेला हॅव कानाला तसाच ऐकू येतो! त्यांना माफ, मला भुवई.

कहर म्हणजे निरोपाच्या दिवशी एकीला पेन भेट दिलं तर ती म्हणाली, ओह, यू शुडन्ट हॅव! तोवर मी इतका पोळलेलो की सॉरी म्हणून पेन परत घ्यायला हात पुढे केला. ती थँक यू म्हणत होती.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. बायको पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "मेल पाठवायच्या आधी मला विचारायचंस ना!"

ना शुड, ना कुड, ना हॅव. आणि बरोबर लागलं.