बडव्याला दारात अडवू नका

आज सकाळी आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्पदंशावर मंत्र म्हणणाऱ्या एका बडव्याचा, म्हणजे आदिवासींच्या मांत्रिकाचा, व्हिडिओ फिरला आणि वडोदऱ्यातल्या रावपुऱ्यापासून पुण्यापर्यंतचे सगळे सुशिक्षित नातलग पोट धरून हसले. मला मात्र संताप आला.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासी. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भावाला जमिनीवर झोपेत मण्यार चावला. या दंशाची खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे विषाने पापण्या मिटू लागल्या तेव्हा घरच्यांनी बडव्याला बोलावले. त्याने कौल लावायला दाणे पाहिले, मंत्र पुटपुटला आणि लगेच म्हणाला, "गाडी आणा, मी बरोबर येतो."

मंत्राने विष उतरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. परंतु चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही, त्यामुळे पुष्कळ रोगी आपोआप वाचतात आणि श्रेय मंत्राला मिळते. हे बडव्यांनाही ठाऊक असावे, असा माझा संशय आहे. एरवी पापण्या पाहताच त्याने गाडी का मागितली असती?

वडोदऱ्याच्या इस्पितळात रखवालदाराने त्याला दारातच अडवले. आत तो घाबरलेला मुलगा सलाईनची सुई उपसू लागला आणि त्याची बोली कोणालाच कळेना. शेवटी एका शहाण्या नर्सने बडव्याला आत घेतले, तो उशाशी बसला, आणि तेव्हा कुठे प्रतिविष नीट देता आले.

होय, जखम चिरणारे, रोग्याला तासन्‌तास अडकवून ठेवणारे, तान्ह्या बाळांना डाम (तापल्या लोखंडाचे चटके) देणारेही आहेत. त्यांच्यावर गुन्हेच दाखल व्हावेत. पण आमच्याच घरातली माणसे कावीळ उतरवणाऱ्याच्या दारी रांगेत उभी राहिली होती, तेव्हा ग्रुपवर कोणी हसले नव्हते. ती माणसे मूर्ख नव्हती, घाबरलेली होती. भीतीच्या वेळी ओळखीचा माणूस हवासा वाटतो, एवढेच.

सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा केंद्र सरकारने 2024 मध्ये जाहीर केला आहे. रोग्याला ज्याच्याकडे आधी नेतात, त्याला वगळून ते कसे साधणार? आपल्याच गुजरातेत, उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात, मुजावरांनी मनोरुग्णांना डॉक्टरांकडे पाठवण्याचा प्रयोग झालेला आहे. बडव्याला विषबाधेची लक्षणे शिकवावीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा नंबर द्यावा आणि रोग्यासोबत आत येऊ द्यावे. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर निधीही लागत नाही, अधीक्षकांचा एक लेखी आदेश पुरतो.